बोरॉनच्या रकान्यातली रेघ

पाकीट फोडताना तिला वाटलं, पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला मागितला असणार. दरवर्षी ह्या सुमाराला त्यांना शंका येते की ही बाई अजून आहे की गेली, आणि दरवर्षी ती जातीनं जाऊन काउंटरपलीकडच्या माणसाला आपलं तोंड दाखवून येते. पण आतून फॉर्म निघाला नाही. निघाली कुठल्याशा वहीच्या एका पानाची झेरॉक्स. आधी नुसते आकडे दिसले, मग सातच्या कमरेला मारलेला छेद दिसला, मग वरून न मिटलेली शून्यं दिसली. अक्षर तिचं होतं. अठरा वर्षांपूर्वीचं, चष्मा लागायच्या आधीचं, ताठ मानेचं अक्षर. ती उभी होती ती तशीच दाराजवळच्या चपलांच्या स्टुलावर बसली. आतून धाकटी बहीण ओरडली, “कुणाचं गं पत्र?” ती म्हणाली, “माझंच.” “तूच तुला पत्रं लिहायला लागलीस? बरंय, उत्तरं तरी वेळेवर येतील,” धाकटी म्हणाली आणि तिनं नळ सोडला.

पान तिला वाचावं लागलंच नाही. चार ओळी, भट्टीतून ओतलेल्या धातूच्या चार ओतण्या, पाठोपाठचे क्रमांक. निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, ॲल्युमिनियम, टायटॅनियम हे रकाने शाईनं भरलेले, आणि शेवटचा एक रकाना, बोरॉनचा, मागाहून पेन्सिलीनं आखलेला. त्यात ०.००६, ०.००६, ०.००५, ०.००६. त्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘झु.’ आणि खाली तारीख. झेरॉक्सला टाचलेल्या चिठ्ठीत एका वकीलबाईंनी अदबीनं विचारलं होतं की हे पान आपल्या हातचं आहे काय, सोमवारी साक्षीला येणं जमेल काय, आणि त्याआधी एकदा घरी येऊन भेटलं तर चालेल काय. तिच्या जुन्या कंपनीनं एका दुसऱ्या कंपनीवर दावा लावला होता, आमच्या पेटंटातला धातू तुम्ही ओतता म्हणून, आणि वकीलबाई त्या दुसऱ्या कंपनीच्या होत्या. ह्या दाव्याचं ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर वाचून होती. वाचून तिनं पान उलटलं होतं. आपल्याला त्यातलं काय, अकरा वर्षं झाली नोकरी सोडून, असं मनाशी म्हणाली होती. नोकरी सोडताना वह्या मात्र तिनं प्रयोगशाळेतल्या कपाटातच ठेवल्या होत्या. एकूण तेवीस वह्या, पाठीवर वर्ष लिहिलेल्या. घरी आणल्या असत्या तर धाकटीनं त्या रद्दीत घातल्या असत्या आणि आज हे पाकीट आलं नसतं, असं आता तिच्या डोक्यात आलं, आणि आलं त्याचीच तिला लाज वाटली.

विमानांच्या इंजिनात जी पाती फिरतात त्यांचा धातू त्या कारखान्यात ओतत. निम्म्याहून जास्त निकेल, बाकी इतरांची भर. लोखंड ज्या आचेत मेणासारखं लोंबायला लागतं, तिथं ह्या धातूनं ताठ उभं राहायचं, तेही मिनिटाला हजारो फेरे मारत. प्रत्येक ओतणीची एक गुंडी, बटणाएवढी चकती, प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर यायची. तिच्यात काय किती आहे ते काढून तिनं दाखला भरायचा आणि दाखल्याबरोबर माल बाहेर पडायचा. दाखल्याचा फॉर्म छापील होता, आणि कारखान्याचा एक जुना नियम होता: जो पदार्थ मागणीत लिहिलेला नाही आणि एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे, त्याचा आकडा लिहायचा नाही, रकान्यात आडवी रेघ मारायची. गिऱ्हाईक उगाच प्रश्न विचारतं, असं प्रयोगशाळेचे साहेब म्हणत. ती रेघ मारायची, पण तिला ती रुचायची नाही. तिच्या मते काही नसणं वेगळं आणि थोडंसं असणं वेगळं. म्हणून वेळ मिळेल तेव्हा ती आपल्या वहीत तिसऱ्या दशांशापर्यंतचा आकडा टिपून ठेवायची. ह्यावरूनच भट्टीवरच्या मामांनी तिला दशांशताई नाव ठेवलं होतं. “दशांशताई, आज आमच्या धातूत मिठाचा खडा कमी पडला का?” असं ते दारातूनच विचारायचे. त्यांना आत यायला मनाई होती, बुटांना भुकटी असायची.

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. भट्टीवरचे सगळ्यात जुने धातू वितळवणारे, आणि कारखान्यातली लहानथोर माणसं त्यांना मामाच म्हणत, साहेबसुद्धा. आचेच्या रंगावरून ते तापमान सांगायचे आणि यंत्र नंतर त्यांच्याशी सहमत व्हायचं. वितळलेला धातू ज्या मुशीत धरायचा तिचं अस्तर ते स्वतःच्या हातानं ठोकून बसवत. त्या हातांची नखं अस्तराच्या भुकटीनं कायमची पांढरी झालेली होती. मामांच्या हातांबद्दल आपल्याला इतकं बारीक कसं आठवतं, आणि चेहरा मात्र का धूसर, ह्याचा विचार करत ती स्टुलावर बसून राहिली. वरून एक विमान गेलं. त्यांची इमारत विमानांच्या वाटेवर होती. धाकटीनं सवयीनं स्वयंपाकघराची खिडकी लोटून घेतली.

तिनं फोनवर या म्हटल्यावर वकीलबाई दुसऱ्या दिवशी अकराला आल्या. तिच्या अंदाजापेक्षा बऱ्याच लहान होत्या, केसांच्या अंबाड्यात पेन खोचलेलं, आणि बसल्याबसल्या त्यांनी पायातले बूट हळूच सैल केले, त्यामुळे तिला त्या एकदम आवडूनच गेल्या. धाकटीनं चहा आणला आणि परत जायचं सोयीस्करपणे विसरली.

“मॅडम, पान तुमचंच ना?”

“माझंच.”

“मग ऐका. कोर्टाच्या हुकमानं कंपनीला जुन्या वह्या आम्हाला द्याव्या लागल्या, त्यात हे सापडलं. ह्या तारखेनंतर चौदा महिन्यांनी पेटंटाचा अर्ज गेला. आणि ह्या चार ओतण्यांचा धातू त्याच्या आधीच विकला गेला होता. तुमची कंपनी म्हणते, इतका एवढासा बोरॉन घालून धातूचं आयुष्य वाढवायची युक्ती आम्ही काढली. आम्ही म्हणतो, ती गोष्ट आधीच बाजारात गेली होती. विकणाऱ्याला ठाऊक असो, नसो. पण त्यांच्याकडे तुमच्याच सहीचा दाखला आहे, आणि त्यात बोरॉनच्या रकान्यात रेघ आहे. ते म्हणणार, पेन्सिलीनं काय, कुणीही काहीही लिहील. नाहीतर म्हणणार, बोरॉन तुमच्या प्रयोगशाळेच्या काचेतून आला.”

“काच वापरलीच नव्हती,” ती म्हणाली, आणि आवाज जरा चढला तिचा. “काचेत बोरॉन असतो हे मला काय आज कळतंय? प्लॅटिनमच्या वाटीत केलं सगळं. तीनदा केलं. कोरी वाटीसुद्धा चालवली बरोबर, ती पिवळीच राहिली. ह्या चार गुलाबी झाल्या.”

वकीलबाईंनी अंबाड्यातलं पेन काढून हे लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की तिला उगाच बोलले असं झालं. मग त्यांनी पेनाचं टोक पानावर टेकवलं. “आणि हे ‘झु.’ म्हणजे काय?”

“आठवत नाही,” ती म्हणाली.

“आठवून बघा. बोरॉन आला कुठून हे सांगता आलं नाही तर अवघड आहे. आभाळातून पडला असं म्हणून भागणार नाही. त्यांचे वकील तुम्हाला सोडणार नाहीत.”

बाई गेल्यावर धाकटी कपबशा उचलत म्हणाली, “आठवत नाही? माझ्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचा रुमाल दिला ते तुला आठवतं, आणि स्वतः लिहिलेलं आठवत नाही?” ती टेबल पुसायला लागली. “कुणाला पाठीशी घालते आहेस, ताई?” धाकटीनं विचारलं. चाळीस वर्षं शाळेत मुलांच्या तोंडाकडे बघून तिनं खोटं ओळखलं होतं, तिच्यापुढे कुणाचं काय चालणार? “ऊन उतरलं की फिरून येते,” एवढं धाकटीला सांगून ती गॅलरीत गेली आणि फिरायला काही गेली नाही.

‘झु.’ म्हणजे झुरळं. हे कोर्टात कसं सांगायचं?

अठरा वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात सळ्यांच्या खोलीत चार सळ्या तुटेनात. ती खोली तळमजल्याच्या टोकाला होती. प्रत्येक ओतणीची एक सळी तिथं उभ्या नळीत तापत ठेवायची, खाली वजन टांगायचं, आणि ती कधी तुटते त्याची वाट बघायची. तुटली की वजन खाली पडायचं, धप्प, आणि घड्याळ थांबायचं. तो आवाज सबंध इमारतीला ओळखीचा होता. त्या धातूच्या सळ्या शंभर तासांच्या आसपास पडत, म्हणजे चार दिवस धरून चाला. ह्या चार मात्र पाचव्या दिवशीही लटकत होत्या, सहाव्या दिवशी लटकत होत्या. साहेबांनी तापमापक बदलला, वजनं परत तोलली, आणि आठव्या दिवशी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. “बाई, ह्या चारांत वेगळं काय आहे ते मला पाहिजे. कुणाला बोलायचं नाही. माल तर गेलाय.” माल गेला होता, दाखले गेले होते, दाखल्यांवर तिनं नेहमीच्या सवयीनं, मापयंत्राच्या हलत्या काट्याकडे नीट न बघता, रेघ मारलेली होती. मग तिनं प्लॅटिनमच्या वाट्या काढल्या. हळदीतून काढलेलं ते पिवळं द्रव्य वाटीत पडलं, वाटी तापली, कोरडी झाली, आणि कडेकडेनं गुलाबी रंग आत सरकला. किती सुंदर रंग होता तो. अजून तिला कुठं तो रंग दिसला, कुणाच्या ओढणीत, एखाद्या वहीच्या पुठ्ठ्यावर, की आधी छातीत आनंद व्हायचा, आणि मग त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी यायचं, ज्याला तिनं कधी नाव दिलं नव्हतं.

मामांना तिनं कँटीनच्या मागच्या बाजूला गाठलं. ह्या चार ओतण्यांना वेगळं काय केलंत, एवढंच विचारलं. मामांचा चेहरा पडला. मग कळलं ते असं: मुशीला भेग गेली होती. अस्तर सांधायचं तर भुकटी बांधून धरणारं जे औषध लागतं ते संपलेलं, स्टोअरवाला रजेवर, माल शुक्रवारी द्यायचा म्हणून वरून ओरडा. मामांनी कँटीनमधून झुरळांची पावडर आणली. डबा नवाच होता. “त्यावर बोरिक लिहिलंय, ताई. आपल्या औषधात पण चिमूटभर बोरिकच असतं. मी म्हटलं, एकच ना? अख्खा डबा ओतून सांधून घेतली मूस. चार ओतण्या निघाल्या, मग फोडून नवी बसवली.” आणि मग त्या माणसानं, ज्याला वितळलेल्या धातूपुढे तिनं कधी पापणी हलवताना पाहिलं नव्हतं, तिची बाही धरली. “धातूत गेली का हो ती? खरं सांगा. विमानाचा धातू आहे तो.”

ती म्हणाली, “नाही गेली.” आणि पुरावा म्हणून वर जाऊन दाखल्याची प्रत आणून दाखवली. बोरॉन, रेघ. मामांनी ती रेघ बराच वेळ पाहिली. बोट लावून पाहिली. “रेघ म्हणजे काहीच नाही ना?” त्यांनी विचारलं. “काहीच नाही,” ती म्हणाली.

रेघ मारताना ती खोटं बोलली नव्हती. रेघ दाखवताना बोलली. पण त्यात पाप काय होतं? खरं सांगितलं असतं तर मामांचं काय झालं असतं? दाखला देऊन विकलेल्या, विमानात जाणाऱ्या धातूत झुरळांची पावडर! नोकरी गेली असती, वर चौकश्या, पोलीस, पेपरात नाव. धातू उलट चांगला निघाला हे कुणी ऐकूनसुद्धा घेतलं नसतं. साहेबांनाही तिनं मामांचं नाव सांगितलं नाही, मुशीतून आला असावा एवढंच म्हणाली. साहेब हुशार, त्यांनी पुढं विचारलं नाही. त्या दिवशी घरी जाताना तिला चक्क हलकं वाटलं होतं. एका भल्या माणसाला आपण वाचवलं, असं वाटलं होतं.

साहेब तरी काही लुच्चे नव्हते. लुच्चे असते तर आज किती सोपं गेलं असतं. तिची आई इस्पितळात होती तेव्हा अकरा दिवस तिच्या टेबलावरचं काम त्यांनी स्वतः केलं आणि हजेरीवर तिची सही त्यांनीच ठोकली. त्या चार सळ्यांनंतर वर्षभर ते घरी गेल्यासारखे गेलेच नाहीत. एक्क्याऐंशी ओतण्या केल्या. बोरॉन थोडा कमी, थोडा जास्त. जास्त झाला की धातू काचेसारखा फुटायचा, कमी झाला की व्यर्थ. धातूचे दाणे असतात, उष्णतेत ते एकमेकांवरून घसरतात, आणि हा चिमूटभर बोरॉन नेमका दोन दाण्यांच्या फटीत जाऊन बसतो आणि घसरू देत नाही, हे त्यांनी फळ्यावर चित्र काढून तिला समजावलं तेव्हा त्यांचे डोळे शाळकरी पोरासारखे झाले होते. ही मेहनत त्यांची होती, त्यात वाद नाही. मग अर्जाचा मसुदा घेऊन ते तिच्या टेबलाशी आले. त्यात लिहिलं होतं, ‘अनपेक्षितपणे असे आढळून आले की’. कुणाला, कुठं, कशामुळे, ते काही लिहिलेलं नव्हतं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बाई, त्या पहिल्या चार ओतण्या ह्यात नकोत.” का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही, कारण दोघांनाही ते ठाऊक होतं. आधी विकलेली गोष्ट नवी म्हणून नोंदवता येत नाही. तिनं मान हलवली. वहीतलं पान तिला तेव्हा फाडता आलं असतं. पण माणसाशी खोटं बोलणाऱ्या त्या बाईला आकड्याशी खोटं बोलता येत नव्हतं, आता ह्याला काय म्हणायचं? तिनं वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. साहेब जाऊन आता तीन वर्षं झाली. कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि शेजारी चौकटीत पेटंटाचं पहिलं पान.

आणि मामा? पेटंट झाल्यावर कारखान्यात पेढेबिढे वाटण्याइतका समारंभ झाला, तेव्हा मामा भट्टीवर नव्हतेच. त्याच्या कितीतरी आधी, त्या चार ओतण्यांनंतर दोनेक महिन्यांतच, त्यांनी स्वतः अर्ज करून भंगाराच्या आवारात बदली मागून घेतली होती. डोळे गेले आता, आचेचा रंग कळत नाही, असं कारण दिलं. भट्टीवरच्या माणसांचे डोळे जातातच, सगळ्यांना पटलं. ती कधी आवारावरून गेली तर मामा हातात लोहचुंबक घेऊन तुकडे निवडत बसलेले दिसायचे. हात करायचे. दशांशताई म्हणून हाक नाही मारायचे. त्यांच्या निरोपाच्या दिवशी तिला सर्दी झाली होती. सर्दी खरी होती, पण घरी राहण्याइतकी नव्हती. इतकी वर्षं तिनं जे मनाच्या तळाशी दाबून ठेवलं होतं ते हेच, की त्या भिंतीवर, साहेबांच्या शेजारी नाही तर निदान खाली कुठंतरी बारीक अक्षरात, मामांचं नाव असायला पाहिजे होतं, आणि ते नाही ह्याचं कारण आपण. इतकंच आपलं देणं आहे, असं ती समजत होती. माणूस आपल्या अपराधाचंसुद्धा माप स्वतःच्या सोयीनं घेतो. ह्या बाबतीत तिचा तिसरा दशांश कुठं गेला होता, कोण जाणे.

शनिवारी सकाळी तिनं ठरवलं, सोमवारी काय बोलायचं ते मामांना विचारल्याशिवाय बोलायचं नाही. दोन बस बदलून, तीनदा वाट चुकून ती पोचली तेव्हा अकरा वाजत आले होते. दार सुनेनं उघडलं. कारखान्यातली म्हटल्यावर सुनेचा चेहरा खुलला. “या ना, बाबा गॅलरीतच असतात दिवसभर. आता पाऊण आंधळेच आहेत, पण आवाज ओळखतात. जरा थांबा हं पण.” वर कुठंतरी विमानाची घरघर चालली होती. सुनेनं बोटानं गप्प राहायची खूण केली. गॅलरीत पाठमोरे बसलेले मामा दिसत होते, मान जरा वर, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकेक पेर पुढं सरकत होता. घरघर विरली. अंगठा थांबला. “झालं, आता जा,” सून म्हणाली. “विमान जाईस्तोवर बाबा कुणाशी बोलत नाहीत. जुनी सवय आहे. आम्ही हसतो.”

“मामा, मी.”

मामांनी मान वळवली. डोळे तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठंतरी बघत होते. “दशांशताई,” ते म्हणाले. “बसा. फार दिवस लावलेत.”

तिनं ठरवून आणलेलं सगळं विस्कटलं. आधी तब्येतीचं बोलायचं होतं, मग दाव्याचं, मग हळूहळू पानाचं. त्याऐवजी ती बसल्याबसल्याच म्हणाली, “मामा, ती पावडर धातूत गेली होती. मी तुम्हाला रेघ दाखवली ते खोटं होतं.”

“हो,” मामा म्हणाले.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तीस वर्षं मूस बांधली मी, ताई. मुशीतलं काही धातूत उतरत नाही असं होतं का कधी? तुम्ही रेघ दाखवलीत तेव्हाच म्हटलं, ह्या बाईनं रेघेच्या खाली आकडा ठेवलाय. फार मोठा असणार, म्हणून दाखवत नाही. मग ऐकलं, साहेब त्या चार ओतण्यांच्या सळ्या घेऊन दार लावून बसलेत. दिवसच्या दिवस. कुणाला आत येऊ देत नाहीत. आणखी काय कळायचं राहिलं?”

तिला पहिल्यांदा नीटसं उमगलं नाही. मामा काय समजून बसले आहेत हे तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा कळलं, धातू बिघडला असंच ते धरून चालले होते.

“माल गेलेला होता,” मामा सावकाश बोलत होते, जणू ही गोष्ट त्यांनी मनात पुष्कळदा सांगून गुळगुळीत केली होती. “परत मागवला असता तर कारखान्याची अब्रू जाते, म्हणून नसेल मागवला. मोठ्या लोकांचं मोठं. मी भट्टीवर उभा राहायचो आणि हात थरथरायचे. डोळ्यांना काही झालं नव्हतं तेव्हा. डोळे मागाहून गेले. भंगारात बसलो, तिथं आभाळ दिसायचं. विमान आलं की मोजायचो. मनात म्हणायचो, ह्यात ती पाती असली तर? साठ मोजेस्तोवर आवाज सरळ गेला की सुटलो. एकदा नातीला बसवायचं होतं विमानात, सहलीला. मी जाऊ दिली नाही. कारण काय सांगणार? म्हातारा चळला म्हणाले.”

“मामा,” ती म्हणाली. तिनं आकडे नीट सांगितले, तेवढंच तिला येत होतं. “मामा, ऐका. साध्या ओतणीची सळी शंभर तासांत पडायची. तुमच्या चार सळ्या पडेनात म्हणून साहेब दार लावून बसले होते. पडेनात म्हणून! पहिली पडली तीनशे बारा तासांना. तेरा दिवस. सगळ्यात शेवटची तीनशे चाळीसला. त्या कारखान्यातून तोवर बाहेर पडलेला सगळ्यात चांगला धातू होता तो. भिंतीवर जे पेटंट लावलंय ना, ते तुमच्या त्या डब्यातून निघालंय.”

रस्त्यावर कुणी तरी गाडीचं दार आपटलं. आतून सुनेच्या भांड्यांचा आवाज येत होता. पांढऱ्या नखांचे ते हात मांडीवर उताणे पडले होते. नखं अजून पांढरीच होती.

“तीनशे बारा,” मामा म्हणाले.

“हो.”

“तुटणार नाहीत ती.”

“ती पाती आता कधीच उतरवून भंगारातसुद्धा गेली असतील, मामा. पण नाही. बाकीची तुटली असती, तुमची राहिली असती.”

“अठरा वर्षं, ताई,” मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि असता तर तिला बरं वाटलं असतं. “एक फोन करायचा होतात.”

तुम्हाला वाचवायला म्हणून गप्प राहिले, हे वाक्य तोंडाशी आलं आणि तिनं ते गिळलं. ती रडली, आवाज न करता, नाक पुसत, म्हाताऱ्या बाया रडतात तशी. मामांना ते दिसत नव्हतं, पण त्यांनी हात पुढं केला, अंदाजानं तिची बाही शोधली आणि धरली. सून चहा घेऊन आली, दोघांकडे बघून कप ठेवून गुपचूप गेली.

थोड्या वेळानं तिनं दाव्याचं सांगितलं. सोमवारी विचारतील, बोरॉन कुठून आला. साहेबांचं पेटंट जाईल. तुमचं नाव निघेल, आणि ते काही मानानं निघेल असं नाही. तुम्ही म्हणालात तर आठवत नाही म्हणून सांगेन. मामांनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, भट्टीवरचं, जुनं.

“सांगा की. आणि झुरळांची पावडर म्हणूनच सांगा. बोरिकबिरिक नको. एवढा मोठा न्यायाधीश बसलेला असेल, त्याला पण कळू द्या.” मग जरा वेळानं, “साहेब असते तर हसले असते. हसले असते ना?”

“हसले असते,” ती म्हणाली. हे खरं की खोटं ते तिला सांगता आलं नसतं, पण तिला ते खरं वाटलं.

तेवढ्यात पुन्हा घरघर सुरू झाली, लांबून, मग जवळ येत. तिच्या घरावरून रोज अशी वीस-पंचवीस जात. अठरा वर्षांत तिनं एकदाही मान वर केली नव्हती. मामांची मान वर झाली. अंगठा आपसूक करंगळीच्या पहिल्या पेरावर गेला, दुसऱ्यावर गेला, आणि तिथं थबकला. मग मामांनी तो हात उचलून कप धरला आणि विचारलं, “सून बिस्किटं देते का बघा, देते म्हणून विसरते.”

“बघते,” ती म्हणाली, पण उठली नाही. विमान डोक्यावर आलं होतं, ऊन लागून चकाकत होतं, आणि तिचा अंगठा तिच्या बोटांवर होता. बारा, तेरा, चौदा. मामा बिस्किटांची वाट बघत होते. ती मोजत राहिली, आवाज विरून गेल्यावरही, साठ होईपर्यंत.